नवरा गेला की मालिका संपते : ऐतिहासिक मालिकांतलं बायकांचं राजकारण

कागदोपत्री (धागाकर्ता)

आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिका, नाटकं, सिनेमे घ्या. राज्यकर्त्याच्या बायकोचं राजकारण दाखवायच्या दोन तऱ्हा ठरून गेल्या आहेत. एकीत ती पडद्याआडून कानोसा घेते आणि रात्री शेजघरात नवऱ्याचे कान भरते. दुसरीत हातात औक्षणाचं तबक, डोळ्यांत पाणी, तोंडी 'काळजी नसावी'. पहिली कारस्थानी, दुसरी त्यागमूर्ती. यावर कुरकुर पुष्कळ झाली आहे, ती पुन्हा नको. माझं म्हणणं वेगळं आहे. बायको कशी दिसणार हे लेखकाच्या मनात काय आहे यापेक्षा कथा कोणत्या तारखेला थांबते यावर जास्त ठरतं.

येसूबाईंचं बघा. संभाजीराजे १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरला पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली. त्यांच्यावरची कुठलीही कलाकृती साहजिकच इथे संपते. येसूबाईंचा सर्वांत मोठा राजकीय निर्णय नेमका याच आठवड्यांतला आणि त्यापुढचा आहे. फेब्रुवारीतच रायगडावर राजारामांचं मंचकारोहण झालं, म्हणजे त्यांना गादीवर बसवलं गेलं. स्वतःचा मुलगा शाहू असताना त्याचा हक्क तूर्त बाजूला ठेवून दिराला पुढे केलं. मोगली फौज गडाभोवती येताच ५ एप्रिलला राजाराम गडाबाहेर पडले आणि येसूबाई शाहूसह आत राहिल्या.

हिशेब सरळ आहे. राजाराम १९ वर्षांचे, शाहूला पुरती सात नाहीत. दोघे एकाच गडावर राहिले आणि गड पडला, तर गादीला वारसच उरत नाही. लहान मुलाला घेऊन निसटायचं तर चाल मंद, धोका दुप्पट. म्हणून फौज चालवू शकेल असा माणूस बाहेर आणि शत्रूला गुंतवून ठेवायला राजघराण्याचा मोलाचा भाग आत. रायगड नोव्हेंबरपर्यंत टिकला. राजाराम जिंजीला गेले आणि जिंजीने मोगलांना १६९८ पर्यंत अडकवून ठेवलं. हे बायकोचं राजकारण, आणि ते नवऱ्याच्या शेवटच्या भागानंतर सुरू होतं. मालिकेत त्याच्या वाट्याला फार तर एक पाटी येते आणि मागे निवेदकाचा आवाज.

बाकीच्यांकडून हवं ते असं: हाच प्रकार आणखी कुठे कुठे झालाय, आणि लिहिताना-बसवताना यावर काय करता येईल.

रंगपट

मुद्दा बरोबर आहे, पण दोष सगळा तारखेचा नाही. निर्मितीचं गणितही बघा.

अर्ध्या तासाच्या हप्त्यात मजकूर २०–२२ मिनिटांचा. मधे जाहिराती. प्रत्येक ब्रेकच्या आधी झटका लागतो. कोणी चोरून ऐकलं, हातातलं तबक पडलं, दार उघडलं तर समोर तोच, असे झटके वीस सेकंदांत बसतात. 'बाईंनी कारकुनाला पत्र सांगितलं, ते चार दिवसांनी पोचलं, आणि महिन्याने एका सरदाराने फौज मागे घेतली' याला झटका कुठून आणणार? म्हणून कान भरण्याचा प्रसंग लिहिला जातो. तो स्वस्त आहे, जलद आहे आणि एकाच खोलीत उरकतो.

खोलीवरून दुसरं. वाड्याचा सेट म्हणजे साधारणपणे सदर, माजघर, देवघर, शेजघर. चित्रीकरण गठ्ठ्याने होतं: माजघर लावलं की माजघराचे पाच-सहा हप्त्यांचे प्रसंग सलग. त्यामुळे बायकांच्या तारखा एका गठ्ठ्यात, सदरेवरच्या पुरुषांच्या दुसऱ्या. बाई, तिचा कारभारी, माहेरचा सरदार आणि दरबारचा मुत्सद्दी अशी चौकडी एका प्रसंगात आणायची तर दोन्ही गठ्ठे मोडतात. वेळापत्रक सांभाळणाऱ्याला ते नको असतं. म्हणून बाई माजघरातच बोलते, आणि बोलते ती सासू, जाऊ, सवत किंवा दासीशी. हळूहळू प्रेक्षकालाही वाटायला लागतं की राजकारण म्हणजे जावाजावांचं भांडण.

आणखी एक बारीक गोष्ट. कारकून हा सहसा ज्युनिअर आर्टिस्ट. त्याला संवाद दिला की दर बदलतो. म्हणून पेशवाईतला कारकून पडद्यावर मुका असतो. खऱ्या पेशवाईत तोच सगळ्यात जास्त बोलायचा!

बखरबहाद्दर

शेवटच्या तारखेइतकीच पहिली तारीखही घात करते. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई हे ढळढळीत उदाहरण. त्यांची कथा ३० ऑगस्ट १७७३ च्या, म्हणजे नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या, आसपास सुरू होते आणि तिथेच संपते. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' १९०९ चं, प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ चा. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ ही बाई आपल्यासमोर एकाच प्रसंगात उभी आहे, हातात बोरू घेऊन.

'ध' चा 'मा' ही गोष्ट पुढच्या बखरींतून आणि सांगोवांगीतून आलेली. तो कागद कोणाला मिळालेला नाही. ते असो. नाटककाराला कागद मिळालाच पाहिजे असा नियम नाही. पण प्रसंग बसवताना जे प्रश्न पडायला हवेत ते पडत नाहीत. त्या वेळी राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. मग खल झाला कुठे? निरोप बाहेर गेला कुणाच्या हातून? तुळाजी पवाराचं नाव येतं ते याच जागी. गारदी (पगारी शिपाई) पगार थकल्याचं निमित्त करून आत घुसले, म्हणजे चौकी-पहाऱ्याची कुठली तरी साखळी आधीच सैल झालेली असणार. सुमेरसिंग, महंमद युसुफ, खरकसिंग ही माणसं पैशासाठी आणि किल्ल्यांच्या आश्वासनासाठी कामाला लागली असं सांगतात, तर ते आश्वासन देण्याची ऐपत कैदेतल्या माणसाकडे आहे हे त्यांना पटवलं कोणी? यातल्या एकेका प्रश्नावर आठवडाभराचे हप्ते निघतील. आपण सगळी साखळी एका अक्षरात कोंबतो, कारण अक्षर क्लोज-अपमध्ये छान दिसतं.

आणि पुढचं तर कोणी दाखवतच नाही. बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, राघोबांना पुण्याबाहेर ठेवलं, नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर सुरक्षित नेलं, तिथे १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले. त्याच सुमारास आनंदीबाईही गरोदर. राघोबा गुजरातेकडे निघाले तेव्हा त्या धारच्या किल्ल्यात राहिल्या, आणि १० जानेवारी १७७५ ला तिथे दुसरा बाजीराव जन्मला. दोन महिन्यांनी, ६ मार्चला, सुरतेचा तह. म्हणजे एकीकडे नवरा इंग्रजांशी सौदा करतोय आणि दुसरीकडे बायको तान्हं मूल घेऊन किल्ल्यात अडकलेली. राघोबा डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावला वारले. त्यानंतर १७९४ पर्यंत त्या पुणे दरबारच्या नजरेखाली मुलं सांभाळत जगल्या. एवढ्या काळात बाईने काय केलं असेल? पत्रं लिहिली, माणसं राखली, मुलांना आपण पेशव्याचे वारस आहोत हे विसरू दिलं नाही. १७९६ मध्ये तो मुलगा पेशवा झाला. ही कथा त्या बोरूच्या प्रसंगापेक्षा मोठी नाही का?

उलटतपासणी

थांबा जरा. गाडी आता 'सगळ्या बायका थोर मुत्सद्दी, सगळे नाटककार दुष्ट' या गावाला निघालीये.

सोयराबाईंचं काय करता? ३ एप्रिल १६८० ला शिवाजीमहाराज गेले, २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं गेलं. अण्णाजी दत्तो, मोरोपंत यांच्यासारखे बडे प्रधान त्या बाजूला होते. म्हणजे कट झालाच. मालिकांनी त्यांना कारस्थानी दाखवलं तर इतिहासाचा अपमान झाला असं कसं म्हणायचं?

कागदोपत्री

कट झाला, मान्यच आहे. माझी हरकत दाखवण्याच्या पद्धतीवर आहे.

पडद्यावर सोयराबाई म्हणजे सवतीमत्सर. प्रत्यक्षात हा संख्याबळाचा हिशेब होता आणि तो चुकला. त्यांच्या बाजूला गड होता, गादीचा मुलगा होता, कागद चालवणारे प्रधान होते. फौज मात्र सरनौबत (सेनापती) हंबीरराव मोहित्यांच्या हातात. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ, त्यामुळे ते आपल्याकडेच येतील असं सगळ्यांनी धरून चाललं. ते संभाजीराजांकडे गेले, प्रधानांना पकडलं, आणि खेळ तिथेच आटोपला. जूनमध्ये रायगड संभाजीराजांच्या ताब्यात.

आता हे पटकथेत कसं येतं? भाऊ-बहिणीचा भावनिक प्रसंग, राखी, अश्रू, 'तू माझा भाऊ नाहीस'. हवं ते उलट आहे: सोयराबाई आणि अण्णाजी बसून माणसं मोजताहेत, पन्हाळ्याच्या किल्लेदाराला काय लिहायचं, फौज कुठे आहे, पगार कोणी द्यायचा. आणि त्या यादीत हंबीररावांचं नाव कोणीही न विचारता आपल्या रकान्यात लिहिलं जातं. चूक प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. कारस्थानी म्हणा हवं तर, पण तिचं गणित तरी दाखवा.

उलटतपासणी

हे मात्र पटलं. माहेर हे बायकोचं मुख्य हत्यार, हे मालिकांत येतच नाही. माहेर म्हणजे झोपाळा आणि मायेची आई. काशीबाईंचे वडील महादजी कृष्ण जोशी हे चासचे सावकार. बाजीरावांच्या मोहिमा कर्जावर चालायच्या हे ज्याला ठाऊक आहे, त्याला सावकाराच्या मुलीचं लग्न वेगळं दिसेल. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या. रास्ते पुढे पेशवाईतले मोठे सरदार झाले. राजारामांची राणी ताराबाई हंबीररावांची मुलगी. येसूबाई शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या. यातल्या एकीचं तरी लग्न नुसतं लग्न होतं का?

नेपथ्य

पत्राचा विषय निघालाच आहे तर कलाविभागाकडून थोडं. हे नीट केलं तर प्रसंगाचा अर्थच बदलतो.

काय चुकतं: दोन्ही टोकांना लाकडी दांडे, मधे चर्मपत्रासारखा पिवळा कागद, त्यावर टपोरं बाळबोध, खाली लाल लाखेचा शिक्का. उघडलं की मोठ्याने वाचायचं. हे फर्मानाचं नाटकी रूप आहे, मराठी पत्राचं नाही.

कसं असावं: हातकागद (जुन्नर आणि दौलताबादकडचा कागद त्या काळी चालत असे), निमुळता आणि लांब. लिपी मोडी. शिरोरेघ आधी आखलेली, अक्षरं सलग, शब्दांमधे जागा नाही. बोरू, शाई, आणि ओली शाई टिपायला वर टाकायची बारीक वाळू. राजपत्रावर मुद्रा वरच्या बाजूला आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे खाली कोणी जादा ओळ घुसडू नये. लहान शिक्का, काळ्या शाईचा. येसूबाईंच्या नावाची 'श्री सखी राज्ञी जयति' ही मुद्रा संभाजीराजांनी करवून दिलेली. मालिकांत ती दिली जाते तो प्रसंग म्हणजे नवऱ्याने दिलेला दागिना असल्यासारखा, पार्श्वभूमीला बासरी. मुद्रा म्हणजे अधिकार. तो प्रसंग नुसता देण्याघेण्याचा ठेवूच नका. पुढच्याच दृश्यात तिने ती वापरलेली दाखवा: महाराज मोहिमेवर, एका गावचा वतनाचा तंटा समोर आलेला, कारकून मजकूर वाचून दाखवतोय, बाई एक वाक्य बदलायला सांगतात, कागद पुन्हा लिहिला जातो, मग मुद्रा उठते. दीड मिनिटाचा प्रसंग आहे. नवीन सेट लागत नाही.

बाई स्वतः लिहिते की सांगून लिहवते हेही ठरवून घ्या. मोठ्या घरचा बहुतेक पत्रव्यवहार, पुरुषांचाही, कारकुनाच्या हातचा. बाईच्या हातात बोरू दिला की आपण तिला शिकलेली दाखवली असं दिग्दर्शकाला वाटतं. खरं तर सांगून लिहवणाऱ्या बाईत सत्ता जास्त दिसते.

रंगपट

सत्ता तशी दिसते, पण कारकुनाला संवाद द्यावा लागेल. पुन्हा दर!

विनोद सोडा. नेपथ्य म्हणतात तो प्रसंग चालेल, एका अटीवर. बदललेल्या वाक्याचा परिणाम तीन-चार हप्त्यांत दिसला पाहिजे. नाहीतर ती माहिती ठरते, नाट्य नाही. साधा उपाय: मूळ वाक्य आणि बदललेलं वाक्य दोन्ही प्रेक्षकाला ऐकवायची, आणि पुढे पत्र पोचतं तिथे बदललेलं वाक्यच वाचलं जातं. प्रेक्षक आपणहून जोडून घेतो.

संवादाबद्दलही. बायकोने नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत होती, 'इकडून', 'स्वारी' असं बोलायची. लेखकांना ही अडचण वाटते, कारण त्यातून लाडिक लाजरेपणच निघतो असा समज. उलट या वळणाच्या बोलण्यात राजकारण फार छान मुरतं. 'इकडून जे ठरलं त्यात साताऱ्याला विचारणं झालं असेलच.' वाक्य आदबीचं, आणि खाली सरळ टोचणी आहे. असं बोलणारी बाई कान भरत नाही, ती उलटतपासणी करते (आयडीची माफी असावी).

बखरबहाद्दर

गोपिकाबाईंवर कोणी सविस्तर लिहा. पानिपताचं खापर त्यांच्यावर फोडायची प्रथाच पडली आहे.

कागदोपत्री

लिहितो. प्रथा अशी: भाऊसाहेबांना उत्तरेत पाठवायचं आणि विश्वासरावांना नावाचं सेनापतिपद द्यायचं हे गोपिकाबाईंनी घडवून आणलं, राघोबांचा आणि भाऊंचा मोठेपणा त्यांना खुपत होता वगैरे.

सदाशिवरावभाऊ फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामावर मोठा विजय मिळवून आलेले. राघोबांच्या आधीच्या उत्तरेच्या स्वारीतून वसुलीपेक्षा कर्जच अंगावर आलेलं. परतूरच्या छावणीत मार्चमध्ये निर्णय झाला तेव्हा या दोन गोष्टी टेबलावर होत्या: ताजा विजय आणि रिकामा खजिना. वारसाला मोहिमेबरोबर पाठवणं ही तर राज्यकारभारातली नेहमीची रीत, म्हणजे सरदारांवर वचक राहतो आणि मुलगा शिकतो. यात आईचा आग्रह असेलही. पण खजिन्याचा निर्णय पडद्यावर जावेच्या आणि दिराच्या मत्सराचा होतो, तिथे घोटाळा आहे. हिशेबाच्या वह्या दाखवणं कठीण, वटारलेले डोळे सोपे.

त्यानंतरचा काळ घ्या. डिसेंबर १७६० मध्ये नानासाहेबांनी पैठणला दुसरं लग्न केलं. १४ जानेवारीला पानिपत: मुलगा विश्वासराव वय १८, आणि भाऊ, दोघे पडले. २३ जूनला पर्वतीवर नानासाहेब गेले. जुलैत १६ वर्षांच्या माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, आणि काका राघोबा कारभार आपल्या हाती घ्यायला तयार. आता ती, म्हणजे गोपिकाबाई, बायको राहिली नाही, अज्ञान पेशव्याची आई झाली. तिचा खरा राजकीय काळ इथे सुरू होतो. राघोबांविरुद्ध मुलाची बाजू उभी करणं, मुत्सद्द्यांपैकी कोण कुणाचा हे ओळखणं, माहेरच्या रास्त्यांना जवळ आणणं. शेवटच्या गोष्टीत ती नडलीही. माहेरचा ओढा मुलाला जाचला, मायलेकांत अंतर पडलं, आणि ती नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली.

आता गंमत. नाटक-मालिकांत गंगापूर म्हणजे रुसून बसलेली म्हातारी. कागदांत गंगापूर हा पत्त्याचा भाग आहे. पुण्याहून तिथे पत्रं जात राहिली. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला गेले, रमाबाई सती गेल्या. तिथे सगळ्या कलाकृतींचा पडदा पडतो. गोपिकाबाई त्यानंतर सोळा वर्षं हयात होत्या, १७८८ पर्यंत. धाकटा मुलगा नारायणराव मारला गेलेला त्यांनी पाहिला. नातू सवाई माधवरावाला पेशव्याने कसं वागावं याबद्दल त्यांनी कलमवार सूचना लिहून पाठवल्या: दिनचर्या कशी, कागद कसे ऐकावे, माणसांशी कसं बोलावं. तीन पेशव्यांच्या काळात सल्ला देणारी बाई, आणि आपल्याकडे तिची ओळख खाष्ट सासू. रमाबाईला सोज्वळ ठेवायचं तर समोर खाष्ट सासू लागतेच ना!

उलटतपासणी

पण मग सगळा प्रभाव विधवेचाच झाला. धाग्याचा विषय बायको आहे. नवरा जिवंत असताना बायकोचं वजन होतं याला काही आधार?

बखरबहाद्दर

ताराबाई. आणि साक्ष शत्रूकडची आहे, त्यामुळे भाटगिरीचा संशय नाही. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की ही बाई बुद्धिमान, आणि नवरा हयात असतानाच मुलकी व लष्करी कामातली तिची जाण प्रसिद्ध होती. म्हणजे मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम गेल्यावर ती एका रात्रीत शहाणी झाली नाही. पुढची सात वर्षं तिने औरंगजेबाला झुंजवलं ते आधीच्या जाणकारीवर. पटकथेला इथे आयती जागा आहे: जिंजीतली वर्षं. वेढा चालू, १६९६ मध्ये तिथेच मुलगा झालेला, रामचंद्रपंत अमात्य महाराष्ट्रात कारभार बघताहेत, संताजी-धनाजींचं पटत नाही, वतनं मागणारे दारात उभे. त्या खोलीत बसून ती काय ऐकत आणि शिकत होती ते दाखवा. आपण मात्र तिला १७०० मध्ये तलवारीसकट घोड्यावर बसवतो आणि जिंजी वगळतो.

तलवारीचाही अतिरेक झालाय आता. मुळुमुळु रडणारी बाई नको म्हणून प्रत्येकीच्या हाती तलवार. ताराबाईंचं बळ गडांवर माणसं नेमण्यात, किल्ले देऊन पैसा आणि वेळ मिळवण्यात होतं. मोगलांनी किल्ला महिनोन्महिने वेढून घ्यायचा, शेवटी पैसे मोजून ताब्यात घ्यायचा, आणि पाठ फिरली की मराठ्यांनी परत घ्यायचा. हा खेळ तलवारीच्या नाचात कसा बसणार?

नेपथ्य

यात एक पोटमुद्दा. क्षत्रिय मराठा राजघराण्यांतला गोषा आणि पेशव्यांच्या ब्राह्मण घरातली रीत एकच नव्हती. सगळ्यांना एकाच जाळीच्या पडद्यामागे बसवू नका. पेशव्यांच्या घरी आई-आजीचं उघड वजन होतं. राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेला निघाल्या तर राजपूत दरबारांनी पेशव्याची आई म्हणून त्यांचा मानपान केला. ती यात्रा म्हणजे बाजीरावांच्या पुढच्या उत्तरेच्या राजकारणाची पाहणीच. पण आपल्या सिनेमात राधाबाई फक्त मस्तानीला दारात अडवायला असतात.

चौकसबुद्धी

वाचनमात्र होतो. कमी माहीत असलेलं, पण नवऱ्याच्या हयातीतलं एखादं प्रकरण सुचवाल का? एकांकिकेसाठी. पात्रं कमी हवीत.

कागदोपत्री

सकवारबाई, शाहूमहाराजांच्या राणी. सातारा, १७४९. शाहूंना मुलगा नाही, ते आजारी. ताराबाई म्हणताहेत आपला नातू रामराजा हयात आहे, त्याला घ्या. सकवारबाईंना ते नको, त्यांचा कल कोल्हापूरच्या संभाजीकडे. नानासाहेब पेशवे फौज घेऊन साताऱ्यात. शाहूंच्या भोवती बाईंची माणसं, त्यांना कोण भेटणार हेही बाईच ठरवणार. तरी नानासाहेबांनी शाहूंच्या हातच्या दोन याद्या मिळवल्या, राज्यकारभार पेशव्यांनी चालवावा अशा अर्थाच्या. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले आणि सकवारबाई सती गेल्या. आपला बेत झाकण्यासाठी त्या आधीच 'मी सती जाणार' असं बोलून चुकल्या होत्या आणि पेशव्यांच्या माणसांनी तेच बोलणं त्यांच्यावर उलटवलं, अशी हकिगत इतिहासकारांनी दिली आहे.

पात्रं चार: सकवारबाई, नानासाहेब, ताराबाई, एक चिटणीस. जागा एक, आजाऱ्याच्या खोलीबाहेरचा सोपा. शाहू रंगमंचावर आणूच नका. खोलीचं दार कोणासाठी उघडतं यावर सगळं नाटक उभं राहील. घसरण्याची जागा एकच आहे: शेवटी चिता, धूर, शंख असं काही केलंत तर सगळं पुन्हा त्यागमूर्तीवर जाऊन पडेल. नानासाहेब तिला तिचेच शब्द आदबीने परत ऐकवतात, तिथे दिवे घालवा.

चौकसबुद्धी

झकास. आणि येसूबाईंची मालिका करायची तर सुरुवात कुठून?

रंगपट

मार्च १६८९ पासून. नवरा पहिल्या हप्त्याआधीच गेलेला. पहिले पंधरा-वीस हप्ते रायगडचा वेढा. मग १७०७ पर्यंत औरंगजेबाच्या छावणीतली कैद. तिथे त्याची मुलगी झीनतुन्निसा हे दुसरं मोठं स्त्रीपात्र आयतं मिळतं. १७०७ मध्ये शाहू सुटतो, येसूबाई ओलीस म्हणून मागेच. इथे ताराबाई विरुद्ध शाहू हा झगडा येणार, आणि प्रेक्षक साताऱ्याकडे ओढला जाईल. ते रोखा, कॅमेरा कैदेतच ठेवा, बाहेरच्या बातम्या आत येतील तेवढ्याच. शेवट १७१९, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि येसूबाईंना घेऊन परततात. तीस वर्षांची कैद.

दोन अडचणी आधीच सांगतो. छावणी हलती होती, त्यामुळे एकच तंबूचा सेट तीनदा रंग-कनात बदलून वापरावा लागेल. आणि शाहूसाठी तीन नट लागतील: ७, २५ आणि ३७ वर्षांचा. येसूबाईंसाठी मात्र एकच अभिनेत्री घ्या, तिशीतली. वाहिनी म्हणेल दहा वर्षांची झेप घ्या आणि नवीन चेहरा आणा. करारात आधीच लिहून घ्या.